शरीर क्रमांक दोन

गडहिंग्लजच्या दवाखान्यातली ती बाई उत्तर द्यायला हात वर नेत होती, आणि नेमकं तेव्हाच चित्र थिजलं.

वृषाली सुतार कोल्हापुरात, फुलेवाडीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये, डेस्कटॉपसमोर बसली होती. पडद्यावर एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला ती बाई. बाई जन्मापासून कर्णबधिर, सातव्या महिन्यात होती आणि तिला ताप होता. डॉक्टरांनी विचारलं होतं, "हे इंजेक्शन आधी कधी घेतलंय? काही त्रास झाला होता?" वृषालीनं ते खुणांच्या भाषेत विचारलं. बाईचा उजवा हात उठला, गळ्याच्या दिशेनं निघाला, आणि पडदा गोठला. दीड सेकंदानं चित्र पुन्हा हललं, तेव्हा हात मांडीवर परत आला होता.

"नाही म्हणाल्या ना?" डॉक्टरांनी इंजेक्शनसाठी सिस्टरकडे हात पुढे केला.

"दिसलं नाही, डॉक्टर. पुन्हा विचारते."

"अहो, बाहेर रांग लागलीय."

"पुन्हा विचारते," वृषाली म्हणाली.

या वेळी हात पूर्ण दिसला. घेतलं होतं. गळा सुजला होता. श्वास कोंडला होता. डॉक्टर औषध बदलायला उठले. वृषालीनं संभाषण संपवलं आणि स्वतःचे हात टेबलाखाली घट्ट धरून बसली.

'हस्तसेतू' ही सेवा सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. राज्यातल्या कुठल्याही दवाखान्यात, कचेरीत, शाळेत कर्णबधिर माणूस आला की पडद्यावर दुभाषी हजर. वृषाली त्यांच्यातली नावाजलेली दुभाषी. तिचे आईवडील दोघंही कर्णबधिर, त्यामुळे बोलायला शिकण्याआधी ती हातांनी बोलायला शिकली होती. आई जाऊन चार वर्षं झाली होती. आता घरात ती आणि बाबा. महादेव सुतार उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. ओतकामासाठी लाकडाचे हुबेहूब साचे कोरायचं काम त्यांनी छत्तीस वर्षं केलं. केसाएवढा फरक बोटानं ओळखणारा माणूस, असं फाउंड्रीत त्यांच्याबद्दल म्हणत.

दुपारी सेवेकडून पत्र आलं. तिच्या सिग्नलचा दर्जा शंभरात एक्याऐंशी. दवाखान्याच्या कामाला किमान पंच्याण्णव लागतो. महिन्याभरात सुधारला नाही, तर तिचं नाव दवाखान्यांच्या यादीतून काढण्यात येईल.

पत्रात चूक काहीच नव्हती. तो दीड सेकंद तिनं स्वतः पाहिला होता.

*

राजारामपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा इम्रान मुजावर दुसऱ्या दिवशी आला. गेली दहा वर्षं तिच्या मशीनची नाडी तोच बघत आला होता. त्यानं खोलीवर नजर फिरवली आणि हसला.

"ताई, तुम्ही कॅबिनेट ठेवलाय कुठं, बघा की! एका अंगाला लोखंडी कपाट, दुसऱ्या अंगाला काँक्रीटचा खांब. आन् अँटेना? ती पत्र्याच्या पाठीमागं, भिंतीला तोंड करून. सिग्नल यायचा कुठनं?"

"मग वायर टाकू या ना सरळ."

"टाकलीवती की गेल्या वर्षी."

टाकली होती खरी. दिवाणखान्यातल्या राउटरपासून इथपर्यंत, फरशीवरून. बाबा तिला अडखळून पडले, मनगट मुरगळलं, आणि त्याच दिवशी वृषालीनं ती वायर गुंडाळून माळ्यावर टाकली. भिंतीतून न्यायची तर घरमालक भोक पाडू देत नव्हता.

इम्राननं टेबल खिडकीकडे सरकवलं. अँटेना लांब वायरीवर घेऊन कपाटाच्या वर नेली. दर्जा एक्याऐंशीवरून एकोणनव्वदवर गेला आणि तिथंच अडून बसला. मग त्यानं पिशवीतून फूटपट्टीएवढी काळी पट्टी काढली.

"नवीन आलंय. 'मागोवा' नाव. कोल्हापुरात अजून चारच ठिकाणी बसवलंय."

बसवता बसवता त्यानं ते समजावून सांगितलं. राउटरमधून निघालेली लहर सरळ येत नाही. भिंतीवर, कपाटावर, फरशीवर आपटत, शेकडो वाटांनी अँटेनापर्यंत पोहोचते. काही वाटा एकमेकींना बळ देतात, काही एकमेकींना मारतात. लहरीची लांबी असते जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर, म्हणून एखादी वस्तू बोटभर सरकली तरी हिशेब फिरतो. आणि घरातली सगळ्यात त्रासदायक वस्तू म्हणजे माणूस. माणूस बहुतेक पाण्याचा, पाणी लहर पिऊन टाकतं, शिवाय माणूस एका जागी राहत नाही. या पट्टीत सोळा बारीक अँटेना होत्या. त्या सेकंदाला हजार वेळा सगळे पडसाद मोजत आणि त्या क्षणाला चांगली असलेली वाट धरत.

"पण माणूस मधे आल्यावर वाट बदलून उपयोग नाही, ताई. तोवर चित्र थांबलेलं असतंय. म्हणून हे आधीच अंदाज बांधतंय. माणूस अर्ध्या सेकंदानं कुठं असणार, हात कुठं जाणार. घरातल्या प्रत्येकाची चाल, बसणं-उठणं शिकून घेतंय. पंधरा दिवस द्या त्याला."

"कॅमेरा आहे त्यात?"

"कॅमेरा कशाला? लहरीच पुरेत. नाव-गाव काय कळत नाही त्याला. तुम्ही शरीर क्रमांक एक, बाबा क्रमांक दोन. आन् सगळं तुमच्याच मशीनमध्ये राहतंय, भाईर जात नाही."

बाबा खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीतून हे सगळं बघत होते. वृषालीनं हातांनी त्यांना थोडक्यात सांगितलं. त्यांनी पट्टी हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरवला आणि एका हातानं म्हणाले, "कडा नीट घासलेली नाही."

*

पंधरा दिवसांत दर्जा चौऱ्याण्णववर आला. चित्र असं स्वच्छ येऊ लागलं, की मिरजेच्या पेशंटच्या नखावरचा पांढरा डाग दिसावा. तरी पंच्याण्णव काही होईना. महिना संपायला आठवडा उरला असताना 'मागोवा'नं आपला पहिला अहवाल पडद्यावर आणला.

शरीर क्रमांक एक : अंदाज बरोबर येण्याचं प्रमाण शेकडा नव्व्याण्णव. शरीर क्रमांक दोन : शेकडा सत्त्याऐंशी. खाली एकच ओळ होती. 'कामाच्या वेळेत शरीर क्रमांक दोन खोलीत नसल्यास सिग्नल सुधारेल.'

वृषालीनं ती ओळ दोनदा वाचली. बाबा तिच्या मागेच बसले होते. गेली तीन वर्षं ती काम करायची तेव्हा ते त्या खुर्चीत, कॅमेऱ्यात न दिसतील असे बसत. पेशंट कोण, हे त्यांना कळू नये म्हणून पडदा त्यांच्याकडून झाकलेला असे. त्यांना दिसायचे फक्त तिचे हात. संध्याकाळी चहा घेताना ते चुका काढत. "आज 'दुखणं' फार मोठं केलंस. त्या माणसाला एवढं दुखत नसणार."

तिनं वळून त्यांना सांगितलं. "यंत्राला अडचण होते. अकरा ते दोन आतल्या खोलीत बसाल? आठवडाभर बघू."

बाबांनी पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "मी नुसता बसतो. हलतसुद्धा नाही."

"माहीत आहे. पण यंत्र तसं म्हणतं."

ते उठले. खुर्ची उचलायला वाकले, मग काय वाटलं कुणास ठाऊक, खुर्ची तिथंच सोडून आत गेले.

दर्जा त्याच दिवशी अठ्ठ्याण्णव झाला. दवाखान्यांच्या यादीत तिचं नाव कायम राहिलं. आठवडा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. बाबांना पुन्हा बाहेर बसायला सांगायचं राहूनच गेलं. संध्याकाळचा चहा होत होता, पण त्यांना चुका काढायला हात दिसले नव्हते. ते बशीतल्या चहाकडे बघत बसत. हल्ली ते बोलतही कमी होते. बोलले तरी हात छातीच्या वर येत नसत, खुणा आखूड आणि अर्ध्यात सोडलेल्या. रुसलेत, असं वृषाली धरून चालली.

*

इम्रान पट्टीचं नवं सॉफ्टवेअर घालायला आला, तो शनिवार होता. बाबा देवळाकडे फेरी मारायला गेले होते.

"ताई, मोठी सुधारणा हाय यात. आता बाबा खोलीत बसले तरी चालतंय."

"म्हणजे?"

इम्राननं दुरुस्तीवाल्यांसाठीचं पान उघडलं. गिऱ्हाइकांना ते दिसत नसे. पडद्यावर दोन रेषा आल्या. पहिली, क्रमांक एकची, मोठाल्या लाटांची. मधे मधे शांत, सपाट. दुसऱ्या रेषेला सपाटी नव्हतीच. माणूस खुर्चीत निवांत बसलेला असतानाही तिच्यावर बारीक दाते होते, करवतीच्या पात्यासारखे, एका मापाचे.

"हे दाते बघा. सेकंदाला पाच. उजव्या अंगाकडनं येत्यात. यंत्राला वाटायचं, माणूस उठणार, हात हलवणार, म्हणून ते सारखं वाट बदलायचं आन् फसायचं. नवीन सॉफ्टवेअर काय करतंय, हा कंप ओळखतंय आन् वजा करून टाकतंय. कंपनीला असली लई घरं सापडली म्हणं. म्हातारी माणसं असलेली."

बोलता बोलता तो थांबला. वृषाली पडद्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचं त्याला दिसलं असावं. त्यानं आवाज खाली आणला.

"माझ्या चुलत्यांचं असंच होतं. बसल्या जागी हात हलायचा. चालताना पाय घासायचे. आम्ही दोन वर्षं म्हटलं, वय झालं." त्यानं माऊस सोडला. "हे डॉक्टरी यंत्र न्हाई, ताई. कंपनीनं लिहून घेतलंय आमच्याकडनं, की गिऱ्हाइकाला असलं काय सांगायचं न्हाई. पण तुम्ही बाबांना दाखवून आणा."

"कधीपासून आहे हे?"

"पट्टी बसवली त्या दिवसापासनं. त्याआधीचं त्याला काय ठावं?"

तो गेल्यावर वृषाली पडद्यासमोर बसून राहिली. वायरीला अडखळून पडलेले बाबा तिला आठवले. दोष वायरीला दिला होता. आखडलेल्या खुणा आठवल्या. दोष रुसव्याला दिला होता. आणि मग तिला जे कळलं, त्यानं तिला सगळ्यात जास्त लाज वाटली. बाबांची खूण अर्धीच व्हायची, आणि उरलेली अर्धी ती स्वतः पुरी करून घ्यायची. त्यांना काय म्हणायचंय ते तिला आधीच माहीत असे. अडतीस वर्षं ज्या हातांकडे पाहत ती वाढली, ते हात ती गेलं वर्षभर पाहतच नव्हती. अंदाज बांधत होती. यंत्राचे अंदाज निदान चुकले तरी होते. तिला आपले चुकल्याचं कळलंही नव्हतं.

*

तिनं बाबांना सांगितलं नाही. कसं सांगायचं? त्यांचे हात म्हणजे नुसते हात नव्हते. ऐकू येणाऱ्या माणसाचा हात थरथरला तर शर्टाची गुंडी लागत नाही. बाबांचा हात गेला तर त्यांची वाचाच गेली.

बाबांना तिनं पुन्हा खिडकीजवळच्या खुर्चीत बसायला बोलावलं, "यंत्र सुधारलंय" म्हणून. कंप वजा करण्याची सोय तिनं चालू केली. दर्जा अठ्ठ्याण्णववरच राहिला. काम संपलं, बाबा आत गेले, की ती इम्राननं उघडून दिलेलं ते पान बघे. दाते आज किती उंच, काल किती. चांगल्या दिवशी तिला हलकं वाटे. वाईट दिवशी बाबा समोर येऊन उभे राहिले तरी ती त्यांच्या चेहऱ्याआधी उजव्या हाताकडे बघे.

पण ज्याला ऐकू येत नाही त्याच्यापासून चेहरा लपवायचा म्हणजे अवघड काम. बारा दिवस झाले असतील. सकाळी पोळ्या लाटत असताना बाबांनी ओट्यावर दोनदा थाप मारली. घरात हाक मारायची ती पद्धत होती. ती वळली.

"तू माझ्या तोंडाकडे बघत नाहीस," ते म्हणाले. "हाताकडे बघतेस. आणि खोटं हसतेस. कुणी सांगितलं तुला?"

पिठाच्या हातांनी खोटं बोलता येईना. "यंत्रानं."

बाबा खोलीत गेले, ती मागोमाग गेली, आणि त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. तिनं ते पान उघडलं. आयुष्यभर साच्यांचे नकाशे वाचलेल्या माणसाला रेषा समजावून सांगावी लागली नाही. त्यांनी दाते मोजले. उजवा हात उचलून पडद्याजवळ धरला, आणि पडद्यावरची रेषा व हात यांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "वर्षाच्या वर झालं."

"मग बोलला का नाहीत?"

"आधी धीर झाला नाही, मग तुझ्या सिग्नलचं निघालं. आता सांगणारच होतो. कसं सांगायचं ते ठरवलं होतं. रंकाळ्यावर नेऊन, बाकावर बसून. तुझी आई आजारी पडली तेव्हा तुला तिथंच सांगितलं होतं." त्यांचे हात आता मोठे होत चालले होते, कितीतरी महिन्यांनी खांद्यापर्यंत उठत होते. बोटं थरथरत होती आणि ते ती लपवत नव्हते. "हे वाक्य माझं होतं. माझ्या अंगातलं, मी सांगायचं. एका पट्टीनं आधी सांगून टाकलं. आणि तू तिच्याकडून ऐकलंस. बारा दिवस माझ्यासमोर बसून तिलाच विचारत राहिलीस, मला नाही."

खुणांच्या भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' एकच असतं. एक बोट. ते बोट तिच्याकडे वळून हवेत हलत राहिलं.

वृषालीनं हात पुढे नेला आणि पट्टीची वायर उपटली. "हे नकोच घरात. आजच परत देते."

बाबांनी नकारार्थी मान हलवली. वायर तिच्या हातातून घेतली. पहिल्यांदा ती खाचेत बसेना, तिसऱ्या खेपेला बसली.

"त्या बाईचा गळा सुजला होता म्हणालीस. तिचा हात अर्धा दिसला असता तर? यंत्र राहू दे. माझा कंप वजा करत असेल तर करू दे, त्यात माझं काही जात नाही. पण ही रेष माझी. तिला कुलूप घालायचं आणि किल्ली माझ्याकडे."

*

इम्राननं दुसऱ्याच दिवशी तसं करून दिलं. कंपनीच्या नियमात ते बसत होतं की नाही, त्यानं सांगितलं नाही. शरीर क्रमांक दोनचं पान आता परवलीच्या शब्दाशिवाय उघडत नव्हतं, आणि तो शब्द बाबांनी पाठ वळवून, डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप केला.

"लई भारी केलंत, काका," इम्रान म्हणाला, आणि बाबांना ऐकू येत नाही हे आठवून त्यानं अंगठा वर केला.

त्यानंतर दर रविवारी सकाळी बाबा डेस्कटॉपसमोर बसत, वृषाली भाजी आणायला बाहेर पडे. परत आल्यावर कधी ते सांगत, "बरं आहे." कधी काहीच सांगत नसत. ती विचारत नसे. न विचारणं तिला इतकं जड जाईल, असं तिला वाटलं नव्हतं. हातातल्या मेथीच्या जुडीची पानं ती उगाच खुडत बसे. पण संध्याकाळच्या चहाला ते पुन्हा चुका काढू लागले होते, आणि ती त्यांची खूण पुरी होईपर्यंत थांबायला शिकत होती. कधी कधी पुरी झालेली खूण तिच्या अंदाजाहून वेगळीच निघे. त्यांनी साखर मागितलीय असं तिला वाटलेलं असे, आणि त्यांना म्हणायचं असे, की चहा आज छान झालाय.

मिरजेच्या मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ मिळायला पाच आठवडे लागले. डॉक्टर वयानं तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. त्यांनी बाबांना चालायला लावलं, बोटं जुळवायला लावली, मनगट वाकवून पाहिलं. मग त्या खुर्चीत बसल्या.

"तुम्ही दुभाषी आहात ना? बरं झालं. यांच्याबद्दल यंत्राची काही नोंद आहे असं तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलंय."

वृषालीनं ते बाबांना हातांनी सांगितलं. बाबांनी शर्टाच्या खिशाला हात लावला. छापलेले कागद तिथं घडी करून ठेवलेले होते, तिला माहीत नसलेले. त्यांनी ते काढले नाहीत. "देतो," ते म्हणाले. "आधी मी सांगतो."

"ठीक आहे. पहिल्यांदा केव्हा लक्षात आलं?" डॉक्टरांनी विचारलं.

बाबांनी हात उचलले. सुरुवात लागेना. उजवा हात मांडीवरून उठला, थरथरला, खाली बसला, पुन्हा उठला. डॉक्टरांची नजर नकळत वृषालीकडे वळली. "तुम्हाला अंदाजे माहीत असेल तर तुम्हीच..."

"ते सांगताहेत," वृषाली म्हणाली. "सांगून होऊ द्या."

खोलीत पंखा फिरत होता. तिनं पुढचा शब्द मनात येऊ दिला नाही. बाबांचे हात हळूहळू बोलत गेले, मधे थांबले, परत मागे जाऊन चुकलेली खूण दुरुस्त करून आले. वृषाली बघत राहिली, आणि त्यांनी हात मांडीवर ठेवल्यावरच तिनं तोंड उघडलं. दुभाष्यानं बोलायचं ते समोरच्या माणसाचं होऊन, 'ते म्हणतात' असं न म्हणता. अनोळखी माणसांसाठी तिनं हे हजारो वेळा केलं होतं. बाबांसाठी दवाखान्यात ही पहिलीच वेळ होती.

"माझी बायको कानात कुड्या घालायची," ती म्हणाली. "तिचं नाव आम्ही कानाच्या पाळीला दोनदा बोट लावून घेतो. मागच्या वर्षी तिच्या श्राद्धाच्या दिवशी मी तिच्या फोटोसमोर तिला हाक मारली. दोनदा बोट लावलं आणि थांबवायला गेलो. बोट थांबेना. मी तिला हाक मारतच राहिलो."